शंभर माणसांमागे १३३ फोन, मग मावशींचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर का जातो?

सेतू केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद कानावर पडतोच.

“मावशी, आधारला जोडलेला नंबर सांगा.”

“पोराचा हाय.”

“पोरगा कुठंय?”

“चाकणला. कंपनीत.”

मग मुलाला फोन लावला जातो. त्याची शिफ्ट चालू असते, फोन लॉकरमध्ये असतो. ओटीपी येतो, त्याची मुदत संपते आणि मावशी पिशवी सावरत पुन्हा रांगेच्या शेवटी जातात. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा हे दृश्य गावोगाव दिसलं.

दुसरीकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा अहवाल दर महिन्याला येतो आणि त्यातला एक आकडा बातमीत झळकतो. मार्च २०२४ अखेर देशात ११९.९३ कोटी फोनजोडण्या होत्या. शंभर माणसांमागे हे प्रमाण ८५.६९ पडतं. नुसती शहरं घेतली तर १३३.७२ आणि नुसती खेडी घेतली तर ५९.१९.

शहरात माणसांपेक्षा फोन जास्त असतील आणि खेड्यातही शंभरात एकोणसाठ असतील, तर मावशींच्या वाट्याचा फोन गेला कुठे? या आकड्यात खोटं काही नाही. पण आपण त्याला जो प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर तो देतच नाही. तो कसा काढतात ते पाहिलं की हे लक्षात येतं.

एक साधा भागाकार

या आकड्याला दूरध्वनी घनता म्हणतात. इंग्रजी बातम्यांत तीच टेलिडेन्सिटी म्हणून येते. जोडण्यांची एकूण संख्या घ्यायची, तिला लोकसंख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. बस, इतकंच.

जोडण्यांची संख्या कंपन्या ट्रायला कळवतात. लोकसंख्या सरकारी अंदाजातून घेतली जाते. या हिशेबात कुणी कुणाच्या घरी जात नाही. “तुमच्याकडे फोन आहे का हो?” असं एकाही माणसाला विचारलं जात नाही.

ही पद्धत आली लँडलाइनच्या काळात. तेव्हा एक जोडणी म्हणजे एक तार, एक डबडं आणि एक घर असं सरळ गणित होतं. १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने उद्दिष्ट ठेवलं होतं ते २००५ पर्यंत घनता ७ आणि २०१० पर्यंत १५ करण्याचं. ग्रामीण भागात ती तेव्हा होती ०.४. म्हणजे हजार माणसांत चार फोन.

त्या काळात हा आकडा उलट्या बाजूने फसवायचा. गावात एक पीसीओ असे आणि तिथून अख्खं गाव मुंबईला बोले. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे ‘पीपी’ लिहिलेलं असे. शेजारचा बंड्या “काकू, तुमचा फोन!” म्हणत धावत यायचा. फोन एकच, पण त्यावर चार घरांचा संसार चाले. घनतेत मात्र तो एकच मोजला जाई. म्हणजे तेव्हा फोन कमी दिसत आणि पोच त्याहून जास्त होती. आता नेमकं उलटं झालंय.

शंभराच्या वर आकडा जातोच कसा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शंभरात शंभर माणसं, मग १३३ कशी?

हा आकडा माणसांची टक्केवारी नाहीच. बातमीत त्यापुढे टक्क्याचं चिन्ह लागतं आणि तिथेच आपली फसगत होते. घरातल्या माणसांमागे चपलांचे जोड मोजले तर आकडा शंभराच्या वर जाईल. म्हणून घरात कुणी अनवाणी नाही असं म्हणता येत नाही. बाबांचे चार जोड असतील आणि आजी अनवाणी असेल, तरी सरासरी झकास दिसते.

सिमचंही तसंच. एका फोनमध्ये दोन सिमच्या जागा असतात. घरात एका कंपनीची रेंज येते, शेतात दुसरीची, म्हणून दोन्ही ठेवावी लागतात. एक नंबर ऑफिसने दिलेला, एक बँकेला जोडलेला जुना, एक स्वस्त डेटासाठी घेतलेला. सर्वसाधारणपणे एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत मोबाइल जोडण्या घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा सहा आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येतं. एकदा जरूर पाहा. कधी घेतलं होतं तेही न आठवणारं एखादं सिम तिथे सापडू शकतं.

आणखी एक गोष्ट. कंपनीच्या दफ्तरात सिम कोणाच्या नावावर आहे हे असतं, ते कोण वापरतं हे नसतं. कित्येक घरांत चारही सिम कर्त्या पुरुषाच्या नावावर असतात. एक मुलगी वापरते, एक आई. दफ्तराला त्या दोघी ठाऊकच नाहीत.

पट आणि हजेरी

“पण बंद पडलेली सिमं वगळत असतीलच ना?” वगळतात, पण उशिरा. इथे शाळेचा दाखला चपखल बसतो.

शाळेत पट वेगळा आणि हजेरी वेगळी. पटावर साठ मुलं, वर्गात बेचाळीस. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची कितीतरी मुलं प्रत्यक्षात नव्हतीच हे राज्याने पाहिलं.

मोबाइल कंपन्यांकडेही अशा दोन वह्या असतात. पहिल्या वहीत कंपनीच्या सगळ्या ग्राहकांची नोंद असते. तो पट. दुसऱ्या वहीत या घडीला नेटवर्कच्या संपर्कात असलेल्या सिमची नोंद असते. ती हजेरी. फोन बंद करून कपाटात टाकला की काही वेळाने हजेरीतून नाव गळतं. हा वेळ ७२ तासांपेक्षा जास्त नसावा, या हिशेबाने ट्राय आकडे घेतं. महिन्यातल्या ज्या दिवशी हजेरी सर्वांत जास्त भरली, त्या दिवसाचा आकडा अहवालात ‘सक्रिय ग्राहक’ म्हणून छापला जातो.

बातमीतली घनता पटावरून काढलेली असते. हजेरीचा आकडा अहवालात त्याच्याच जवळ असतो, पण त्याची बातमी क्वचित होते. सध्या पटावरच्या दहापैकी साधारण नऊ मोबाइल सिम हजर असतात. २०११ च्या सुमारास दहापैकी सातच असत. म्हणजे दफ्तर पुष्कळ सुधारलंय, हे मान्य करायला हवं.

ही सुधारणा कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. जून २०१२ मध्ये देशात साडेशहाण्णव कोटी जोडण्या होत्या. डिसेंबरमध्ये त्या साडेएकोणनव्वद कोटींवर आल्या. सहा महिन्यांत सात कोटी फोन गेले! लोकांनी फोन फेकून दिले नव्हते. काही कंपन्यांचे परवाने त्या वर्षी रद्द झाले होते हे खरं, पण मुख्य काम झालं ते कंपन्यांनी मेलेली सिमं पटावरून खोडल्यामुळे. घनता जवळजवळ ८० वरून ७३ च्या आसपास घसरली आणि लोकांच्या बोलण्या-चालण्यात फारसा फरक पडला नाही.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. पुढच्या चार महिन्यांत मोबाइल जोडण्या सुमारे दोन कोटींनी घटल्या. आता यातला कोण दुसरं, जास्तीचं सिम सोडून मोकळा झाला आणि कोणाला एकुलतं एक सिमही परवडेनासं झालं? पहिला पुण्यातला नोकरदार असू शकतो, दुसरी ऊसतोड कामगाराची बायको असू शकते. दोघांचं जाणं आकड्यात सारखंच, उणे एक. मला या मोजणीतली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

भागतो कशाने?

भागाकारात खालचा आकडाही असतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झाली नाही. त्यामुळे आज घनता काढताना २०११ च्या पायावर उभ्या केलेल्या अंदाजांनी भागतात. सरकारच्या तज्ज्ञगटाने २०११ ते २०३६ पर्यंतचे राज्यवार अंदाज बांधून ठेवले आहेत, तेच वापरले जातात.

समजा, नव्या जनगणनेत लोकसंख्या अंदाजापेक्षा दोन कोटींनी जास्त निघाली. तर ८५.७ ची घनता एकही सिम कमी न होता साधारण ८४.५ होईल. देशाच्या पातळीवर हा फरक लहान आहे. शहर आणि खेडं अशी वाटणी केली की तो मोठा होऊ शकतो, कारण या दीड दशकात कोणती गावं शहरात विरघळली आणि किती माणसं उठून शहरात गेली, हे कुणी मोजलेलंच नाही.

दिल्लीत माणशी पावणेतीन फोन?

राज्यवार तक्त्यात दिल्ली सगळ्यांच्या पुढे असते, घनता २७० च्याही वर. बिहार तळाला, साठच्या खाली. दिल्लीकरांकडे माणशी पावणेतीन फोन आहेत का?

गावजेवण आठवा. जेवायला पंचक्रोशी लोटली. सगळ्या उठलेल्या पत्रावळी मोजल्या आणि भागल्या फक्त आपल्या गावच्या लोकसंख्येने. माणशी तीन पत्रावळी निघाल्या, म्हणून गावकरी खादाड ठरतात का? दूरसंचारच्या नकाशात ‘दिल्ली’ या विभागात नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबादचेही ग्राहक येतात. लोकसंख्येचे अंदाज मात्र राज्यवारच मिळतात. वर पाच शहरं आणि खाली एक.

दूरसंचारचे हे विभाग देशात २२ आहेत आणि त्यांच्या सीमा राज्यांशी जुळतातच असं नाही. आपलंच घ्या. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याण हा एक विभाग. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. घनता काढताना मुंबई पुन्हा महाराष्ट्रात मिळवतात. त्यामुळे ‘महाराष्ट्राची घनता’ म्हणून जो आकडा येतो, त्यात नरिमन पॉइंट, भामरागड आणि पणजी एकाच पातेल्यात ढवळलेले असतात.

घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट २०१० सालची आहे.

२०११ च्या जनगणनेची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० मध्ये झाली. प्रगणक शिक्षक दारोदार गेले आणि त्यांनी विचारलं, घरात टेलिफोन किंवा मोबाइल आहे का? त्याच सुमाराचे कंपन्यांचे आकडेही आपल्याकडे आहेत. एकाच देशाची, एकाच काळाची ही दोन मोजमापं.

कंपन्यांच्या हिशेबाने मार्च २०१० अखेर ६२ कोटी जोडण्या होत्या. देशात घरं २४.६७ कोटी. म्हणजे सरासरी घरटी अडीच फोन. अडीच! यावरून कुणीही म्हणेल की फोन नसलेलं घर शोधावं लागेल. प्रगणकांना काय दिसलं? ६३.२ टक्के घरांत फोन होता. उरलेल्या ३७ टक्के घरांत, म्हणजे नऊ कोटींवर घरांत, कोणताही फोन नव्हता. ना तारेचा, ना बिनतारी. त्याच जनगणनेत घराच्या आवारात शौचालय असलेली घरं ४६.९ टक्के निघाली आणि ‘संडासापेक्षा मोबाइल जास्त’ अशा बातम्या झाल्या. त्या गलक्यात नऊ कोटी बिनफोनची घरं झाकली गेली.

शहर आणि खेडं वेगळं केलं की चित्र आणखी उलगडतं. शहरी घनता तेव्हा १२० च्या घरात होती. म्हणजे घरटी पाच-सहा फोन. तरी शहरातल्या १८ टक्के घरांत एकही नव्हता. ग्रामीण घनता होती फक्त २४. तरीही ५४ टक्के ग्रामीण घरांत फोन होता, कारण खेड्यात एक फोन अख्खं घर वापरत होतं.

एकच मोजपट्टी शहरात फुगवून सांगत होती आणि खेड्यात आखडून. शहरातल्या झोपडीची गरिबी तिला दिसली नाही आणि खेड्यातल्या घराने काटकसरीने जोडलेलं नातंही दिसलं नाही.

“ते जुनं झालं, आज कुणाकडे मोबाइल नाही?”

हा आक्षेप रास्त आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि चित्र खरोखर पालटलं. २०२५ च्या सुरुवातीला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या पाहणीत सुमारे ८५ टक्के कुटुंबांकडे निदान एक स्मार्टफोन आढळला. ही मोठीच मजल आहे.

पण ‘घरात आहे’ आणि ‘तिच्याकडे आहे’ यांत उंबऱ्याएवढं अंतर असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या बायकांना नेमका प्रश्न विचारला. तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात ५४ टक्के बायका ‘हो’ म्हणाल्या. खेड्यांत ४७ टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२१ मध्ये देशाची दूरध्वनी घनता ८८ होती. आणि या पाहणीत लहान मुलं नव्हती, म्हाताऱ्या नव्हत्या. हातात फोन असण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेल्या वयातल्या या बायका. इंटरनेट आयुष्यात कधी ना कधी वापरलं, असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के.

महाराष्ट्रात स्वतःचा मोबाइल वापरणाऱ्या बायका सुमारे ५५ टक्के निघाल्या, गोव्यात ९१ टक्के. वर म्हटलेल्या एकाच दूरसंचार विभागात ही दोन्ही राज्यं येतात. बांद्याची सीमा ओलांडली की बाईच्या हातात फोन असण्याची शक्यता दीडपटीहून वाढते आणि विभागाच्या आकड्यात त्याचा मागमूस नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेलाही हे कळून चुकलंय. त्यामुळे शंभरामागे जोडण्यांच्या जोडीने आता इतर प्रश्नही मोजले जातात. किती लोकसंख्येपर्यंत नेटवर्क पोचतं, किती व्यक्तींकडे स्वतःचा मोबाइल आहे (स्त्री-पुरुष वेगळे करून), आणि गेल्या तीन महिन्यांत किती जणांनी इंटरनेट वापरलं. टॉवर, हातातला फोन आणि वापर या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवरही सगळे पोचलेले नाहीत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती त्यामुळेच.

मग घनतेचा आकडा टाकून द्यायचा?

मुळीच नाही. तो दर महिन्याला, न चुकता, एकाच पद्धतीने मिळतो. घरोघरच्या पाहणीला वर्षं लागतात आणि पैसा लागतो. एखाद्या भागात जोडण्या भराभर वाढतायत की थबकल्यात, दर वाढल्यावर काय झालं, कोणता विभाग मागे पडतोय, याचा पहिला इशारा हाच आकडा देतो. थर्मामीटर ताप सांगतो, आजार सांगत नाही. म्हणून तो कुणी फेकत नाही.

त्याच्यावर धोरणाचं उद्दिष्ट टांगलं की मात्र घोटाळा होतो. २०१२ च्या दूरसंचार धोरणाने ग्रामीण घनता २०१७ पर्यंत ७० आणि २०२० पर्यंत १०० करायचं ठरवलं होतं. २०२४ मध्ये ती ५९ वर होती. उद्दिष्ट हुकलं, हे तर दिसतंच. पण समजा गाठलं असतं, तरी खेड्यातल्या दर बाईकडे फोन आला असता का? गावातल्या प्रत्येक बाप्याने दुसरं सिम घेतलं असतं, तरी आकडा शंभराकडे सरकला असता.

आणि आता रेशन, पीकविमा, पेन्शन, बँक, शाळेचा दाखला सगळं मोबाइल क्रमांकाला बांधलंय. ‘शंभरामागे ८५’ वाचून अधिकारी गृहीत धरतो की फोन आहेच, आणि फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा होतो. माझा राग आकड्यावर नाही, या गृहीत धरण्यावर आहे. योजना आखण्याआधी जिल्ह्यातल्या किती लाभार्थींकडे स्वतःचा, चालू, रिचार्ज केलेला फोन आहे एवढं विचारलं, तर ओटीपीला दुसरा मार्ग ठेवावा लागेल हे पहिल्याच दिवशी कळेल. बोटाचा ठसा, अंगणवाडी ताईंची प्रत्यक्ष पडताळणी, काहीही.

नव्या जनगणनेत काय कळेल?

२०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत टेलिफोन, मोबाइल, स्मार्टफोन आणि इंटरनेटबद्दल प्रश्न आहेत. त्यामुळे २०१० नंतर प्रथमच कंपन्यांचा पट आणि देशातल्या सगळ्या घरांतलं वास्तव शेजारी-शेजारी मांडून पाहता येईल. मी त्या तक्त्यांची वाट पाहतोय.

प्रश्न घराबद्दलचा आहे, माणसागणिक नाही, हे मात्र आतापासून ध्यानात ठेवायला हवं. प्रगणक मावशींच्या दारात येईल आणि विचारेल, “घरात मोबाइल आहे का?” मुलगा सुट्टीला घरी आलेला असेल, फोन खाटेवर चार्जिंगला लावलेला असेल. मावशी म्हणतील, “हाय की.”

चार दिवसांनी तो फोन मुलाबरोबर चाकणला परत जाईल.